आत्या सध्या कोणाकडे?

आमच्या नात्यागोत्यात कोणीही भेटलं, की चहाचा कप हातात येण्याआधी एक प्रश्न ठरलेला असायचा : "आत्या सध्या कोणाकडे?" विचारणारा वडीलधारा असला तर 'आत्या'च्या जागी 'ताई' म्हणायचा, एवढाच फरक. उत्तरंही दोनच होती. "आमच्याकडे" किंवा "सुधाकरकडे." तिसरं उत्तर असू शकतं हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. मी पुढे नोकरीभर मुलींना रसायनशास्त्र शिकवलं, आणि त्यातला जो धडा मी बरा शिकवायची असं माझ्या विद्यार्थिनी अजून फोनवर सांगतात, त्याची सुरुवात या प्रश्नापासून झाली. म्हणून हे प्रकरण आत्याचं. माझं त्यात एका तोंडी परीक्षेपुरतं काम आहे.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, कमल. आजी-आजोबा लवकर गेले आणि दोन्ही भावांना तिने वाढवलं. ग्वाल्हेरच्या एका मुलींच्या शाळेत ती मराठी आणि भूगोल शिकवायची. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती, आणि ती स्वतःहून सांगणाऱ्यातली नव्हती. शाळेतली नोकरी संपली तेव्हा भाऊ दोघंही भोपाळात होते. बाबा सचिवालयात, राहायला तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. धाकटा सुधाकरकाका कारखान्यात तंत्रज्ञ, त्याचं साकेत नगरला स्वतःचं छोटं घर. आज साकेत नगरला जायचं म्हणजे हॉस्पिटलच्या गर्दीतून वाट काढावी लागते, औषधांच्या दुकानांची रांगच्या रांग. तेव्हा काकाच्या घरामागे मोकळी जमीन होती आणि संध्याकाळी तिथे गाई परतताना दिसायच्या. दोघा भावांनी ग्वाल्हेरला जाऊन ताईला आणलं, एका बैठकीत ठरवून टाकलं, आणि आपण फार मोठं काम केलं अशा चेहऱ्याने दोघं परतले.

ठरलं ते असं. वैशाख ते आश्विन आत्या आमच्याकडे, कारण आमच्या क्वार्टरवर कडुलिंबाची सावली, उन्हाळा सुसह्य. कार्तिक ते चैत्र काकाकडे, कारण त्याच्या अंगणात हिवाळ्याचं ऊन छान येतं. कागदावर काही नव्हतं, भावाभावांत कसला कागद. आत्याला कोणी विचारलं होतं का, तर नाही. पण तेव्हा ते कोणालाच खटकलं नाही, मलाही नाही.

ती आमच्याकडे आली की घराचा आवाज बदलायचा. एरवी आमचं घर म्हणजे बाबांचा रेडिओ, आईचा कुकर आणि कूलरची घरघर. आत्या आली की त्यात तिच्या ट्रंकेच्या कडीचा खटका मिसळायचा. हिरवी, पत्र्याची, कोपऱ्यांना पोचे पडलेली ट्रंक, पलंगाखाली सरकवलेली. आईने तिच्यासाठी कपाटातला अख्खा कप्पा रिकामा करून दिला होता, त्यात वर्तमानपत्र अंथरून डांबराच्या गोळ्या ठेवल्या होत्या. आत्या त्यात फक्त फणी आणि तेलाची बाटली ठेवायची. लुगडी ट्रंकेत. रोज सकाळी कडी काढायची, वरचं लुगडं घ्यायचं, कडी लावायची. काकाकडेही अगदी हेच, असं माझी चुलतबहीण सांगायची. आई मनातून दुखावायची. "मी कप्पा दिलाय की नाही त्यांना?" असं ती बाबांना हळूच विचारायची, आणि बाबा रेडिओ जरा मोठा करायचे.

आणि आत्या आली की माझं मराठी सरळ व्हायचं. आम्ही भोपाळची पोरं अर्धं हिंदीत जगायचो. "आई, नल चालू राहून गेला," असं मी म्हणाले की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "नळ, मंजू. नळ सुरू राहिला." मी चिडून मुद्दाम म्हणायची, "आत्या, मी थकून गेले, आता मी आराम करून राहिले." ती म्हणायची, "कर हो आराम. पण मराठीत कर." तिच्या हातच्या चकल्या काटेरी आणि पोकळ व्हायच्या, तिच्या कैरीच्या डाळीला हिंगाची नेमकी फोडणी असायची, आणि तिच्या चहात इतकं आलं असायचं की पाहुणे पहिल्या घोटाला डोळे मिटायचे. माझं तिच्यावर फार प्रेम होतं. आईपेक्षा जास्त होतं असं लिहिलं तर आई वरून बघत असेल, म्हणून तेवढंच होतं असं लिहिते.

आता पंचांगाची भानगड सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपल्या मराठी पंचांगात महिना अमावास्येला संपतो. तिकडच्या, म्हणजे उत्तरेकडच्या पंचांगात तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे चांदण्याच्या पंधरवड्यात दोघांचा महिना एकच असतो, पण अंधाऱ्या पंधरवड्यात तिकडचे लोक पुढच्या महिन्यात पोचलेले असतात आणि आपण मागच्याच महिन्यात बसलेलो असतो. आमच्या भिंतीवर माझा मामा पाठवायचा ते मराठी कॅलेंडर होतं. काकाकडे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने दिलेलं हिंदी कॅलेंडर होतं. काकू उज्जैनची, तिचे उपासतापास त्यावर नीट लागायचे. दोन्ही घरं एकच भाषा बोलायची, एकाच बहिणीला वाटून घ्यायची, आणि वाटणी मात्र दोन वेगळ्या भिंतींवर बघून करायची.

परिणाम असा, की कोजागिरी झाली रे झाली, काका स्कूटर घेऊन दारात. "चल ताई, कार्तिक लागला." बाबा म्हणायचे, "अरे आश्विन आहे अजून, दिवाळीच्या अमावास्येपर्यंत ती आमची." दिवाळीच्या तोंडावर चकल्यांचा हात कोणाला नको असतो? मग आत्या सकाळी आमच्याकडे भाजणी भाजायची आणि दुपारी काकाच्या मागे बसून साकेत नगरला जाऊन त्यांच्या चकल्या पाडायची. दोघंही भाऊ एकमेकांना लबाड समजायचे आणि हसायचे. यात खरी गोष्ट काय आहे ते कोणी शोधलंच नाही, कारण शरदातल्या त्या पंधरवड्यात आत्या दोघांना हवी होती. पण हिशोबाने बघा, चैत्राच्या पौर्णिमेनंतर उलटं व्हायचं. काकाच्या भिंतीवर वैशाख लागलेला, म्हणजे ताई आता दादाची. आमच्या भिंतीवर चैत्रच चालू, म्हणजे ती सुधाकरची. त्या पंधरवड्यात आत्या कोणाचीच नसायची. काही वर्षं हे लक्षात आलं नाही, कारण कोणी ना कोणी "राहू दे की" म्हणायचं. म्हणणारे भले होते, पण दर वसंतात बिचारीला कोणाच्या तरी "राहू दे की"वर राहावं लागत होतं.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि बेंझीनच्या प्रेमात होते. हसू नका. वर्गातल्या बाकीच्या मुली दुसऱ्या कोणाकोणाच्या प्रेमात होत्या, मी बेंझीनच्या. कार्बनचे सहा अणू फेर धरल्यासारखे गोल उभे. प्रत्येकाने शेजारच्यांचे हात धरलेत, एक हात हायड्रोजनला दिलाय, आणि तरी प्रत्येकाकडे एकेक इलेक्ट्रॉन शिल्लक आहे. शेजारच्या दोघांनी आपापला शिल्लक इलेक्ट्रॉन एकत्र केला की त्यांच्यातला बंध दुहेरी होतो. सहा जणांच्या तीन जोड्या. पण जोड्या लावायच्या तऱ्हा दोन. पहिल्याने दुसऱ्याशी जोडी करावी, की सहाव्याशी? म्हणून पुस्तकात दोन षट्कोन काढलेले असत, एकात दुहेरी रेघा या बाजूंना, दुसऱ्यात त्या बाजूंना, आणि मध्ये दोन्हीकडे टोक असलेला बाण. मी तो बाण बघून पक्की समजूत करून घेतली, की बेंझीन घटकेत असं असतं, घटकेत तसं. रेघा सारख्या इकडून तिकडे जात-येत असतात. अशी समजूत माझी होणारच. घरी दोन पत्ते होते आणि मध्ये काकाची स्कूटर.

त्या वर्षी चैत्रातच आमची प्रॅक्टिकल परीक्षा आली. आई-बाबा मामाच्या मुलाच्या मुंजीसाठी नागपूरला गेले होते. मी परीक्षेसाठी मागे राहिले, समोरच्या सक्सेना आंटींनी माझ्यावर लक्ष ठेवायचं कबूल केलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक म्हणजे पांढऱ्या मिशांचे, पान खाऊन ओठ लाल झालेले गृहस्थ. मला म्हणाले, बेंझीन काढ. मी दोन्ही षट्कोन काढले, बाण काढला. बाण जरा ऐटीतच काढला.

"अच्छा बेटा," ते म्हणाले, "अब ये बताओ, इस वक़्त, जब मैं आपसे बात कर रहा हूँ, डबल बॉन्ड कहाँ है?"

मी म्हणाले, "सर, कभी इधर, कभी उधर. बहुत जल्दी-जल्दी बदलता है."

"आपने देखा आते-जाते?"

"नहीं सर."

"मैंने भी नहीं देखा." ते खुर्चीत मागे रेलले. रागावले नव्हते, उलट त्यांना मजा वाटत होती. "देखो, छहों बॉन्ड बराबर हैं. न कोई छोटा, न बड़ा. कुछ आता-जाता नहीं है. वो छह इलेक्ट्रॉन किसी जोड़ी के हैं ही नहीं, पूरे छल्ले में फैले हुए हैं. चित्र दो हैं क्योंकि हमें एक में बनाना नहीं आता. चीज़ एक ही है, और वो कहीं नहीं जाती. इसीलिए तो इतनी पक्की है."

मी "जी सर" म्हणून बाहेर आले. पुढची मुलगी आत गेली. मला वाईट वाटायला हवं होतं, कारण मी चुकीचं उत्तर दिलं होतं, पण मला इतका आनंद झाला होता की मिनीबसमध्ये खिडकीतून येणाऱ्या झळांचंही काही वाटलं नाही. जे आपण वर्षभर धावतंय असं समजत होतो, ते धावतच नव्हतं. ते जागच्या जागी होतं, फक्त आपल्याला दाखवता येईल अशा एका जागी नव्हतं. हा आनंद मला नंतर पुष्कळदा झाला, पण पहिल्यांदा झाला तो त्या दुपारी. आजही मुलांना पहिल्यांदा हे कळतं तेव्हा त्यांच्या भुवया वर जातात, आणि त्या भुवयांसाठी मी आणखी काही वर्षं फुकट शिकवलं असतं.

घरी आले तर जिन्याखाली, आमच्या कुलूप लावलेल्या दारासमोर, हिरव्या ट्रंकेवर आत्या बसली होती.

सक्सेना आंटी माझीच वाट बघत होत्या. "सुबह से बैठी हैं, बेटा. कितना कहा अंदर आ जाइए. कहती हैं, मैं यहीं ठीक हूँ. पानी भी मुश्किल से पिया." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सब ठीक तो है ना घर में?"

सगळं ठीक होतं, तेच तर. काका-काकू मुलांना घेऊन उज्जैनला काकूच्या माहेरी निघाले होते. काकाच्या भिंतीवर वैशाख लागला होता, तेव्हा ताईला दादाकडे सोडायचं आणि तसंच स्टेशनला जायचं, असा त्याने सरळ बेत केला. गाडीला उशीर होत होता. ट्रंक जिन्याशी ठेवली, नमस्कार केला आणि टेंपोत बसून गेला. दार वाजवलंसुद्धा नाही, घाईत त्यावरचं कुलूपही पाहिलं नाही, कारण दादा-वहिनी घरी नसतील हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. आणि आई-बाबांनी नागपूरला जाताना आत्याला कळवलं नाही, कारण आमच्या भिंतीवर चैत्र होता. ती काकाकडे सुखात होती.

मी कुलूप काढलं. आत्या उठली, पदर सारखा केला, सक्सेना आंटींना म्हणाली, "अच्छा, आपको बहुत तकलीफ हुई," आणि माझ्याबरोबर ट्रंकेची एक कडी धरून आत आली. पाणी प्यायली. कूलरसमोर बसली. मला वाटलं आता काकाला काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "परीक्षा कशी झाली?"

"बरी झाली. आत्या, तू सकाळपासून..."

"आधी जेवलीस का ते सांग."

कैऱ्या घरात होत्या, डाळ भिजवायला वेळ नव्हता, तरी तिने कोमट पाण्यात घालून भागवलं. मी कैरी किसली, तिने फोडणी केली. हिंगाचा वास दरवळला आणि मला एकदम रडू आलं. तिने बघितलं आणि माझ्या पानात डाळ वाढली. जेवताना ती म्हणाली, "मला ना मंजू, राग नाही आला कोणाचा. सुधाकरही चुकला नाही, तुझे बाबाही नाहीत. पण त्या ट्रंकेवर बसल्यावर माझ्या मनात आलं, आत्ता कोणी रस्त्यात विचारलं, बाई तुम्ही कुठे राहता, तर मी काय सांगू? मला पहिल्यांदाच वाटलं की मी कुठेच नाही." मग तिने आणखी डाळ घेतली. दुःख सांगूनही तिची भूक जायची नाही, हे मला तिचं फार आवडायचं.

विषय बदलायला म्हणून मी परीक्षेची गोष्ट सांगायला घेतली. तिने आमच्यासाठी सांडगे आणले होते, डबा उघडाच होता. मी जमिनीवर सहा सांडगे गोल मांडले. खराट्याच्या काड्या आणल्या. दुहेरी बंध आखूड असतो, एकेरी लांब, म्हणून एक आखूड, एक लांब अशा तोडून मध्ये ठेवल्या. गोल काही जमेना, एकीकडे फताडा झाला. "वाकडं झालंय हे," आत्या म्हणाली. मी म्हटलं, "हो, आणि खरं बेंझीन वाकडं नसतं, हेच मला आज समजलं." मग सगळ्या काड्या सारख्या केल्या. चिमटीत तांदळाची पिठी घेतली आणि रांगोळी घालतात तशी सगळ्या फेरावर भुरभुरवली. "हे ते इलेक्ट्रॉन. या दोघांचे नाहीत, त्या दोघांचे नाहीत. असे सगळीकडे पसरलेले असतात. खरं तर फेराच्या वरही आणि खालीही."

"पुस्तकात दोन चित्रं होती म्हणालीस."

"ती आपली सोय, आत्या. आपल्याला रेघ कुठून तरी कुठे तरी ओढावी लागते. मला वाटायचं ते खरंच या चित्रातून त्या चित्रात जातं. ते जात नाही. ते मुळात या चित्रातही नसतं आणि त्या चित्रातही नसतं. ते त्याच्या जागी असतं. आणि जोड्याजोड्यांत वाटलं असतं तर जेवढं टिकलं असतं त्यापेक्षा जास्त टिकतं."

आत्या पिठीकडे बघत राहिली. "म्हणजे रेघ आपल्याला ओढता येत नाही," ती म्हणाली, "आणि येरझारा त्याच्या माथी." मग तिने सांडगे उचलून झटकले आणि डब्यात भरले, कारण पिठी लागलेले सांडगे तसेच ठेवणं तिच्या शिस्तीत बसत नव्हतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. अणूंवरून माणसांना उपदेश करणाऱ्या लोकांचा मला कंटाळा आहे. निरोप समारंभांत अशी भाषणं मी पुष्कळ ऐकली, आणि प्रत्येक वेळी मला वाटलं की बिचाऱ्या इलेक्ट्रॉनला यात कशाला ओढता. इलेक्ट्रॉनला आत्या नसते आणि त्याला ट्रंकेवर बसावं लागत नाही. आत्यालाही त्या दुपारी बेंझीनने काही शिकवलं असं मी म्हणणार नाही. ती आधीच पुरेशी शहाणी होती. तिला एवढंच झालं असावं, की जे तिला सांगता येत नव्हतं त्याचं कोणीतरी एक नीट चित्र काढून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला बरोबर घेतलं आणि आम्ही अरेरा कॉलनीत भागवतबाईंकडे गेलो. भागवतबाई ग्वाल्हेरच्या शाळेत तिच्याबरोबर गणित शिकवायच्या, आता मुलाच्या बंगल्यात राहत होत्या. बंगल्यामागे एक खोली होती, स्वयंपाकाचा ओटा, मोरी, बाहेर पेरूचं झाड. "ये म्हणून किती दिवस सांगतेय हिला," भागवतबाई मला म्हणाल्या. "तर म्हणायची, भावांना काय वाटेल." आत्याने ओट्यावर हात फिरवला, खिडकी उघडून बघितली, बंद करून बघितली. तिला पेन्शन होती. इतकी वर्षं तिच्या आड आली होती ती फक्त भावांची माया.

अक्षय्यतृतीयेला दोन्ही घरं आमच्याकडे जेवायला होती. त्या दिवशी दोन्ही भिंतींवर वैशाखच होता, भांडायला जागा नव्हती. आमरस, पुऱ्या, कुरडया. जिन्याचा प्रकार तोवर दोघा भावांना कळला होता आणि दोघंही जेवताना गरजेपेक्षा जास्त "ताई, वाढू का?" करत होते. पानं उचलली गेल्यावर आत्याने सांगितलं, की भागवतबाईंच्या मागची खोली मी घेतली आहे.

बाबा खरंच दुखावले. "दोन भाऊ असताना तू भाड्याच्या खोलीत राहणार? आमच्याकडे तुला काही कमी पडलं?"

"काही कमी नाही पडलं रे."

"मग त्या दिवसाचं मनात ठेवलंयस," काका म्हणाला. "ताई, माझं चुकलं. पण वैशाख लागला होता. खरंच लागला होता."

"कुठे लागला होता?" बाबा उसळले. "चैत्र होता. अमावास्येला पाच-सहा दिवस होते." ते उठले आणि भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट काढून आणलं. काकाने काकूच्या पिशवीतून त्यांचं हिंदी कॅलेंडर काढलं. मला आजही कळलेलं नाही की त्यांनी ते जेवायला येताना का आणलं होतं. बहुतेक निर्दोष ठरायचं होतं. दोन्ही कॅलेंडरं चटईवर शेजारी शेजारी ठेवली आणि सरकारी अधिकारी आणि कारखान्याचा तंत्रज्ञ ओणवे होऊन बघू लागले. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा दोघांनी दोन्ही भिंती एकत्र पाहिल्या. पौर्णिमेनंतर एकावर चैत्र, एकावर वैशाख. मग काकाने पानं उलटून आश्विन-कार्तिक काढले. आईने माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. हसायला लावला की रडायला, ते मला दिसलं नाही.

"म्हणजे दर वर्षी," काका हळू म्हणाला, "दिवाळीला तू दोघांची, आणि आत्ता..."

"आत्ता 'राहू दे की'ची," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात टोचणी नव्हती, शिक्षिका उत्तर पूर्ण करून देते तसं तिने ते वाक्य पूर्ण केलं. "अरे, तुम्ही दोघंही चांगले आहात, म्हणून तर बोलायला इतका उशीर झाला. मी जशी याची तशीच त्याची. पण मी कुठे आहे हे भिंतीवर बघून ठरायला नको. मी एका जागी राहते. तुम्ही या जा. तुमचे पाय चांगले आहेत."

बाबा म्हणाले, "लोक काय म्हणतील, याचा तरी विचार..."

तेवढ्यात काकू बोलली. काकू म्हणजे कमी बोलणारी, दोन्ही घरांत तिचं मत कोणी विचारायचं नाही. तिने विचारलं, "ताई, तिथे गॅस आहे का? आमच्याकडे एक जास्तीची शेगडी पडून आहे." बाबांचं वाक्य तिथेच राहिलं. ज्या घरात शेगडीची चर्चा सुरू झाली त्या घरात परवानगीची चर्चा संपलेली असते. आई लगेच म्हणाली की पोळपाट-लाटणं मी देईन, माझ्याकडे दोन आहेत.

पुढच्या आठवड्यात आम्ही सगळे मिळून आत्याचं सामान लावायला गेलो. सामान म्हणजे तीच ट्रंक. तिने भिंतीतल्या कपाटात वर्तमानपत्र अंथरलं, ट्रंक उघडली आणि एकेक लुगडं काढून कप्प्यात रचलं. आई दारात उभी राहून बघत होती. तळाशी पोचली तेव्हा आत्याने ट्रंक उपडी करून झटकली, वर एक जुनी चादर घातली आणि आईला म्हणाली, "बस की गं." आई त्यावर बसली. ट्रंकेची कडी त्या दिवसानंतर कधी वाजली नाही.

मी परीक्षा पास झाले. त्या मिशीवाल्या परीक्षकांनी मला गुण बरे दिले होते, चुकीच्या उत्तराला नव्हे, बहुतेक माझ्या भुवयांना. आता मी कोलार रोडवर पाचव्या मजल्यावर राहते, गुडघे कुरकुरतात. नात मोबाईलवर बेंझीनचं फिरतं चित्र दाखवते, आणि मी तिला सांगते की तांदळाच्या पिठीने ते जास्त चांगलं समजतं. ती म्हणते, "आजी, तू भी ना."

त्या वर्षीची दिवाळी पेरूच्या झाडाखाली झाली. कोजागिरीनंतर काका स्कूटर घेऊन आला तो काकूला आणि भाजणीच्या डब्याला घेऊन, अरेरा कॉलनीत. आम्हीही तिथेच. दोन घरांच्या चकल्या एकाच कढईत तळल्या, भागवतबाई मोजून मोजून डब्यात भरत होत्या, आणि आत्या मध्ये पाटावर बसून सगळ्यांवर ओरडत होती. इतकी खूश मी तिला त्याआधी पाहिली नव्हती. बाबा मात्र अजून थोडे फुगलेले होते. यायचे, बसायचे, चहा प्यायचे, पण त्या जागेला 'ती खोली' म्हणायचे.

भाऊबीजेच्या सकाळी नागपूरहून माझा मामा आमच्या क्वार्टरवर आला. बूट काढता काढता, आत येण्याआधीच, त्याने सवयीने विचारलं, "काय भाऊजी, ताई सध्या कोणाकडे?"

आई चहाचं आधण ठेवत होती, तिचा हात थांबला. मी बाबांकडे बघितलं. बाबांनी कोट चढवला होता, ओवाळून घ्यायला जायचं होतं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, अगदी सवयीने, आणि मग मान वळवली.

"ताई?" ते म्हणाले. "ताई घरी आहे. चला, तिकडेच निघालोय."